मागे कोण बसणार

"अंकल, कितना देती है?"

एवढाच प्रश्न विचारायचा होता. पण तो विचारायचा होता आमच्या सोसायटीतल्या अण्णासाहेबांना, रविवारी सकाळी, ते गाडी पुसत असताना. आणि मयूर विहारमधली आमची सगळी गँग समोरच्या बाकावर बसून ऐकणार होती.

अण्णासाहेबांची गाडी चंदेरी आहे, दोन दारांची. कूपे. पुढे लांब नाक, मागे घसरत जाणारी पाठ. पार्किंगमध्ये उभी असली तरी आत्ताच कुठूनतरी धावत आल्यासारखी दिसते. अशा गाडीला 'किती देते' विचारणं म्हणजे नर्तकीचा नाच संपल्यावर तिला 'आज पावलं किती झाली' विचारण्यासारखं आहे. दिल्लीत हा प्रश्न स्कूटरला विचारतात, टेम्पोला विचारतात, वरातीत नवरदेव बसलेल्या गाडीच्या ड्रायव्हरलाही विचारतात. पण कूपेला नाही. कूपेला फक्त 'कितनी भागती है' विचारायचं असतं.

"नाही जमणार तुला," गँगमधली अक्षता म्हणाली. "तू एका अंकलना एक सवाल विचारू शकत नाहीस, आणि घरी पुण्याचं सांगणार? रहने दे, क्षिप्रा."

हे जरा लागलं. कारण पुण्याचं प्रकरण खरं होतं. बारावीनंतर मला पुण्याला जाऊन मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचं आहे, हे अक्षताला माहीत होतं, हरलीनला माहीत होतं, शाळेच्या बसमधल्या कंडक्टरला माहीत होतं. फक्त आईबाबांना माहीत नव्हतं. आमच्या फ्रिजवर बाबांनी एक तक्ता चिकटवलाय. दिल्लीतली सगळी कॉलेजं, मयूर विहारहून मेट्रोने लागणारा वेळ, आणि गाडी किती वेळा बदलावी लागेल ते. बाबांनी रेघा पट्टीने आखल्यात. ज्या माणसाने माझ्यासाठी मेट्रोच्या रेघा पट्टीने आखल्या, त्याला कसं सांगायचं की मला हवं ते स्टेशन या नकाशातच नाही?

त्याच आठवड्यात मी शाळेच्या वादविवादात पहिली आले होते. आत्मविश्वास अगदी नवा होता, त्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. उठले आणि गेले.

"अंकल," मी म्हणाले, "कितना देती है?"

अण्णासाहेबांचा हात थांबला. बाकावर कोणीतरी फिस्कन हसलं. अण्णासाहेब मानेसरच्या एका गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले, उंच, बारीक, कॉलरचं बटण लावणारे. त्यांनी फडका घडी करून बॉनेटवर ठेवला.

"मराठीत विचार," ते म्हणाले. "शहरात साडेदहा. हायवेवर चौदा. टायरमध्ये हवा नीट ठेवलीस तर सव्वाचौदा. एसी लावून सांगू की बंद करून?"

मी म्हणाले, "दोन्ही सांगा." आता माघार घेऊन चालणार नव्हतं.

त्यांनी गाडीतून एक निळी वही काढली. तेरा वर्षांत प्रत्येक वेळी टाकलेलं पेट्रोल, त्या दिवशीचे किलोमीटर, एसी चालू की बंद, सगळं लिहिलेलं. शेवटी शेऱ्याचा रकाना. 'नोएडाच्या पुलावर ट्रॅफिक.' 'सौ. सोबत. सावकाश चालवली.' मी चेष्टा करायला गेले होते, पण ती वही बघून मला एकदम शाळेतल्या लॅबच्या जर्नलची लाज वाटली. यार, माझी रीडिंग्ज मी शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवते.

"तेरा वर्षं लोक विचारतायत किती पळते," अण्णासाहेब म्हणाले. "किती देते हे तू पहिली विचारलंस. बाबांना सांग, गाडी द्यायची आहे. माझे गुडघे आता एवढं खाली बसू देत नाहीत. महिनाअखेरीला मी कोल्हापूरला बहिणीकडे जातोय. एक डीलर येऊन बघून गेलाय, पण तो म्हणतो फटाके वाजवणारा सायलेन्सर बसवून एखाद्या पोराला विकीन."

सांगायला हवं, की बाबा रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना त्या गाडीपाशी थांबून बुटाची नाडी बांधतात. रविवारी चपला घालून दूध आणायला गेले, तरीही तिथेच वाकून नाडी बांधतात. आईला आणि मला हे वर्षानुवर्षं माहीत आहे आणि आम्ही त्याबद्दल कधीच काही बोललो नाही. बाबांनी स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं मला आठवत नाही. आमच्या छोट्या गाडीत सीएनजीचा सिलिंडर आहे. तो सगळी डिकी खातो, त्यामुळे प्रवासात बॅगा आमच्या मांडीवर असतात. पण ती देते सव्वीस.

मी वरती जाऊन बातमी दिली. बाबा आत गेले आणि फाईल घेऊन आले.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. आमच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट फाईलशिवाय होत नाही. फ्रिज घेताना फाईल होती, माझं नाक टोचताना फाईल होती. डाव्या बाजूला कागदपत्रं, उजव्या बाजूला टिपणी, आणि सगळं हिरव्या टॅगने बांधलेलं. टॅग म्हणजे ती सरकारी दोरी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या छोट्या पट्ट्या असलेली. बाबांनी वर लिहिलं: 'विषय: दोन दारांचे वापरलेले वाहन खरेदी करण्याबाबत.' खाली दोन मुद्दे. एक, विश्वासार्हता. दोन, इंधन. मग आपल्या ऑफिसला कळवायचा अर्जही आधीच भरून ठेवला, कारण सरकारी माणसाने गाडी घेतली तर वर सांगावं लागतं. घेतली नाही तर काय कळवायचं, हे नियमात नाही म्हणून ते जरा अस्वस्थ होते.

फाईल आईकडे गेली. आई कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात खोल्या वाटायचं काम करते. कुठलीही वस्तू दिसली की तिच्यात माणसं किती मावतील हे तिला आधी दिसतं. तिने एकच ओळ लिहिली: 'मागे कोण बसणार?'

"अगं, मागे दोन सीट आहेत," बाबा म्हणाले.

"आहेत. पण त्या कोणासाठी आहेत ते विचारतेय मी. ही पाच फूट आठ इंच आहे."

"क्षिप्रा दुमडते," बाबा म्हणाले. हे वाक्य मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या चड्ढा अंकलना बातमी कोणी दिली माहीत नाही, पण संध्याकाळी ते बर्फीचा डबा घेऊन वर आले. "भाईसाहब, चार दरवाज़े की गाड़ी में चार दरवाज़े मिलते हैं," ते म्हणाले. "इसमें दो मिल रहे हैं. बाकी दो का उसने क्या किया, पूछा आपने?" बाबांनी ते नोंदवून घेतलं. चड्ढा अंकल पुढे म्हणाले की पेट्रोल गाडीला दिल्लीत पंधराच वर्षं, म्हणजे हिची दोनच उरली. बाबा म्हणाले, "उसके बाद एनओसी लेकर महाराष्ट्र भेज देंगे." चड्ढा अंकलनी माझ्याकडे बघून म्हटलं, "लड़कियों की तरह." आणि हसले. मी हसले नाही. माझ्या कानात पुणे वाजलं.

विश्वासार्हतेसाठी आईने खंडेरावकाकांना बोलावलं. ते तिच्या ऑफिसात तीस वर्षं ड्रायव्हर आहेत. साताऱ्याकडचे, पांढऱ्या मिशा, सफारी सूट. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्या त्यांना बायकापोरांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त आठवतात, असं त्यांची बायको म्हणते. आल्यावर त्यांनी नुसता तळहात बॉनेटवर ठेवला, ताप बघतात तसा. मग इंजिन चालू करायला सांगून ऑइलचं झाकण काढलं आणि वर हात धरला.

"धूर नाय," ते म्हणाले. "दमलेलं इंजिन असतं ना ताई, ते इथनं श्वास टाकतं. हिचा श्वासच लागत नाय." मग गाडीखाली अंग टाकलं. सफारीसकट. बाहेर आल्यावर म्हणाले, "कुणी पोटच्या पोरीसारखी संभाळली हो ही."

अण्णासाहेब तेव्हा दुसरीकडे बघत होते.

आता इंधनाची चाचणी. बाबांचं म्हणणं असं, की मालकाची वही हा पुरावा आहे, पण प्रत्यक्ष पडताळणी हवी. मयूर विहारहून मानेसर आणि परत. टाकी काठोकाठ भरून निघायचं, परत येऊन त्याच पंपावर, त्याच नळीने, त्याच दिशेला तोंड करून पुन्हा काठोकाठ भरायची. पूर्ण भार घेऊन, म्हणजे चार माणसं. एसी चालू. बाबा चालवणार, शेजारी अण्णासाहेब, आणि मागे खंडेरावकाका आणि मी. आई म्हणाली, "मी घरी बसून निकालाची वाट बघते."

पंपावर नळी टक्क करून बंद झाली. खंडेरावकाका म्हणाले, "ही भरली न्हाई. हलवा." कारण टाकीत हवा अडकते आणि गाडी हलवली की ती निघून आणखी पेट्रोल मावतं. मग आम्ही चौघांनी, ज्यांत एक सेक्शन ऑफिसर आणि एक निवृत्त इंजिनीअर होता, त्या सुंदर गाडीला दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. मागे हॉर्नची रांग लागली. एक रिक्षावाला उतरून आला आणि विचारून गेला, "स्टार्ट नहीं हो रही?" अण्णासाहेबांना एवढा अपमान तेरा वर्षांत झाला नसेल. पण टाकीत आणखी अर्धा लिटर गेलं, आणि तेही हलवत राहिले.

प्रवासाचं काय सांगू. माझे गुडघे हनुवटीला लागले होते, मान छताला. खंडेरावकाका डोळे मिटून गिअरबॉक्स ऐकत होते. तरी सांगते, हायवेवर लागल्यावर बाबांनी तिसरा टाकला, मग चौथा, आणि गाडी अशी खाली बसून सरसर निघाली की मला माझे गुडघे विसरायला झालं. आरशात बाबांचे डोळे दिसत होते. हा माणूस फाईलवर 'अवलोकनार्थ सादर' लिहितो, यावर विश्वास बसत नव्हता. टोलच्या रांगेत अर्धा तास उभे होतो तेव्हासुद्धा ते चेहऱ्याने ऐंशीच्या स्पीडला होते. मानेसरला अण्णासाहेबांनी कारखान्याचं गेट लांबून दाखवलं, "एवढंच," म्हणाले, आणि आम्ही परत फिरलो.

परत पंप, परत हलवाहलवी. एकशे बारा किलोमीटर, साडेआठ लिटर. बाबांनी कागदावर भागाकार केला, मी मनात. "तेरा पॉइंट दोन," मी म्हणाले. एसी लावून हायवेवर वहीत तेरा पॉइंट एक होतं. बाबांनी अण्णासाहेबांशी हात मिळवला. आता फाईलवर फक्त सही राहिली होती.

सोसायटीत आलो. बाबा उतरले, अण्णासाहेब उतरले. मागच्यांना उतरायचं तर डावीकडची सीट पुढे पाडावी लागते; ड्रायव्हरची पडत नाही. तिच्या खांद्यावर लीव्हर आहे. अण्णासाहेबांनी तो ओढला. सीट हलली नाही. बाबांनी ओढला. लीव्हर सैल हलत राहिला, सीट तशीच.

"निघताना तर पडली होती," बाबा म्हणाले.

"निघताना पडली ती तेरा वर्षांत पहिल्यांदा," अण्णासाहेब म्हणाले.

दहा मिनिटांत आमच्या ब्लॉकमधलं सगळं जग जमलं. चड्ढा अंकल खुर्ची घेऊन आले. कोणी म्हणालं काच फोडा, कोणी म्हणालं फायर ब्रिगेड, एका काकूंनी आत पाण्याची बाटली आणि केळं दिलं, आम्ही रात्र काढणार असल्यासारखं. मी पुढच्या दोन सीटच्या मधून निघायचा प्रयत्न केला. डोकं गेलं, उजवा खांदा गेला, आणि नंतर काहीच गेलं नाही, ना पुढे ना मागे.

"बेटा, सांस छोड़ दो," चड्ढा अंकल म्हणाले.

सोडला. काही फरक पडला नाही. समोर अक्षता आणि हरलीन मोबाइल धरून उभ्या होत्या. वादविवादात पहिली आलेली मुलगी हँडब्रेकवर गाल टेकून पडली होती, हे पुढच्या पिढ्यांसाठी जतन झालं.

खंडेरावकाकांनी मला पायाला धरून परत मागे ओढलं. ते मुळीच घाबरले नव्हते. "ताई, लीव्हरपासनं खाली केबल जाते. सायकलच्या ब्रेकची असते ना, तशी. ती कुठंतरी सुटलीय. माझी बोटं जाड. तू बघ."

मी सीटच्या पाठीवरचं कव्हर वर केलं, हात आत घातला. केबल होती. तिचं टोक, एक बारीकशी कडी, हुकातून निसटून खाली लोंबत होतं. बोटाला लागत होतं, पण पकडीत येत नव्हतं. काहीतरी बारीक, लवचिक, टोकाला कडक असलेलं हवं होतं, कडीतून ओवायला.

"बाबा," मी ओरडले, "फाईलचा टॅग द्या."

"कागद सुटतील," बाबा म्हणाले.

"अहो, पोरगी सुटू दे आधी," हा आईचा आवाज. आई टॉर्च घेऊन आली होती. ती पुढच्या सीटवर बसली आणि माझ्या हातावर उजेड धरला. बाबांनी टॅग काढून दिला. टिपणी, वहीच्या झेरॉक्स, ऑफिसचा अर्ज, सगळं पार्किंगभर पांगलं, आणि चड्ढा अंकल एकेक पान उचलून वाचत गेले.

टॅगचं पत्र्याचं टोक तिसऱ्या वेळी कडीतून गेलं. गाठ मारली. श्वास घेतला. ओढलं. खट्. सीट आईसकट पुढे झुकली.

टाळ्या वाजल्या. आई उतरली आणि मी बाहेर आले, केसांत केळं, कोपराला ग्रीस, आणि खरं सांगते, पहिल्या नंबरच्या ट्रॉफीपेक्षा बरं वाटलं. खंडेरावकाका माझ्यामागून निघाले, सफारी झटकली आणि बाबांना म्हणाले, "साहेब, हिला मशीन कळतं." अण्णासाहेबांनी तो टॅग ओढून बघितला. सीट पडली. पुन्हा ओढून बघितला.

"एवढी एक गोष्ट मी कधी तपासली नाही," ते म्हणाले. "आम्ही दोघंच असायचो. मागची सीट लागलीच नाही कधी." आणि वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही.

आई मात्र पुन्हा पुढच्या सीटवर येऊन बसली होती. सीट सरळ करून तिने काचेवरची उन्हाची झडप खाली केली, तिच्यामागे आरसा निघाला, आरशाला दिवा होता. तिने सावकाश केस नीट केले. बाबा तिच्याकडे बघत होते. मी दोघांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर फाईल होती, टॅगऐवजी आईच्या रबरबँडने बांधलेली. बाबा दाढी करत होते. मी उघडली. शेवटची टिपणी अशी होती:

'१. विश्वासार्हता: उत्तम. २. इंधन: मालकाच्या वहीशी जुळते. ३. मागील आसन कन्येस अपुरे आहे. कन्या अद्याप वाढत आहे. सबब प्रस्ताव बंद करावा.'

खाली आईची सही, 'सहमत.' सही नेहमीपेक्षा बारीक होती.

खिडकीतून खाली पार्किंग दिसतं. डीलरचा माणूस येऊन गाडीभोवती फिरत होता. मोबाइलवर कोणालातरी मोठ्याने सांगत होता की आवाज फार शांत आहे, पण ते करून घेऊ. अण्णासाहेब शेजारी उभे होते, फडका हातात घेऊन.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरात दोन फाईली अडकल्या होत्या. एक टेबलावर, एक माझ्या पोटात. आणि दोन्हींना उत्तर एकच होतं.

मी बाबांचं पेन घेतलं. आईच्या त्या पहिल्या ओळीपाशी गेले, 'मागे कोण बसणार?', आणि तिच्याखाली उत्तर लिहिलं. सही केली. तारीख घातली, नाहीतर बाबा परत पाठवतात. मग आईला हाक मारली, बाबांना हाक मारली. बाबा अर्ध्या गालाला फेस असतानाच आले.

"काय झालं गं?" आई म्हणाली.

 अंकलना विचारलं होतं, हँडब्रेकवरून बाहेर आले होते, आणि हे तर आपलेच लोक होते. मी फाईल वाचून दाखवली नाही. सरळ बोलले.

"बाबा, डीलर जायच्या आत खाली जा आणि गाडी घ्या. मागे कोणी बसणार नाहीये. बारावीनंतर मी पुण्याला जाणार, मेकॅनिकलला. फ्रिजवरच्या तक्त्यात नाहीये ते, सॉरी, तक्ता खूप छान आहे. तोपर्यंतचे नऊ महिने मी दुमडून बसेन. आणि सुट्टीत आले की मागेच बसेन, पुढे तुम्ही दोघं. टॅग कुठून ओढायचा, ते मला येतं."